जॉन्सटाउनचा बर्फ आणि आपले मैदान

ग्वाल्हेरकरासमोर अमेरिका आणि हॉकी हे दोन शब्द एकत्र उच्चारले की त्याला एकच आकडा आठवतो, २४-१. १९३२ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस गोल केले आणि त्यांतले दहा एकट्या रूपसिंहांचे होते. मेजर ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू. आपल्या शहरातल्या स्टेडियमला ज्यांचे नाव आहे तेच हे कॅप्टन रूपसिंह. हा पराक्रम आपण प्रत्येक क्रीडादिनाला ऐकतो आणि ऐकून आपली छाती फुगते.

आज मात्र आम्हांला अमेरिकेतल्याच एका निराळ्या हॉकी संघाबद्दल लिहायचे आहे. हा संघ आता अस्तित्वात नाही. तो असतानाही फार मोठा नव्हता. त्याने आपल्या लीगचे अजिंक्यपद एकदाही मिळवले नाही. मग आपल्या शाळेच्या वार्तापत्रात त्याची जागा कोणती, असे वाचक विचारतील. ते शेवटी सांगतो, आधी हकीकत ऐकावी.

आमचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त पिट्सबर्गला असतात. मागच्या हिवाळ्यात ते घरी आले तेव्हा शाळेत भेटायला आले. मैदानाच्या कडेला उभे राहून आमचे बोलणे चालले होते. मैदानाबाबत संस्थेत काय चर्चा चालू आहे ते आम्ही त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, तुम्ही जॉन्सटाउनची गोष्ट वाचा.” आम्ही वाचली. आमच्या शिक्षणात इंग्रजी बेताचेच, त्यामुळे वाचायला वेळ लागला. परंतु जसजसे वाचत गेलो तसतसे ते गाव ओळखीचे वाटू लागले.

जॉन्सटाउन हे पेनसिल्व्हेनिया राज्यातले, पिट्सबर्गच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर, डोंगरांच्या खोबणीत वसलेले गाव. १८५२ साली तिथे केंब्रिया आयर्न कंपनी निघाली आणि गाव लोखंडाचे झाले. ३१ मे १८८९ रोजी वरच्या अंगाचे धरण फुटून आलेल्या लोंढ्यात २२०९ माणसे मेली. ते धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबच्या मालकीचे होते. मासेमारी आणि विहार यांसाठी राखलेल्या तळ्याची डागडुजी नीट झाली नाही आणि त्याची किंमत खालच्या कामगार वस्तीने मोजली. १९३६ साली पुन्हा पूर आला. त्यानंतर सरकारने नद्यांचे काठ काँक्रीटने बांधून काढले आणि गाव स्वतःला मोठ्या अभिमानाने ‘पूरमुक्त नगर’ म्हणवू लागले.

१९५० साली तिथे एक बंदिस्त क्रीडागृह उभे राहिले. केंब्रिया काउंटी वॉर मेमोरियल असे त्याचे नाव. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. युद्धावर गेलेल्या स्थानिक जवानांचे स्मारक म्हणून नुसता दगडी खांब न उभारता लोकांनी खेळाची जागा बांधली, हे आम्हांला फार आवडले. सुमारे चार हजार प्रेक्षक बसतील एवढे हे सभागृह, आणि त्याच्या मधोमध बर्फाचे पटांगण. त्याला ते रिंक म्हणतात.

आइस हॉकी आपल्यापैकी बहुतेकांनी दूरदर्शनवरच पाहिली असेल. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती. एका बाजूला सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. या खेळाची खरी अडचण खेळाडूंची नसून बर्फाची असते. फरशीखालच्या नळ्यांमधून थंड द्रव सतत फिरवावा लागतो, तेव्हा वर बर्फ धरतो. डावाच्या मध्यंतरात यंत्र फिरवून तो गुळगुळीत करावा लागतो. यंत्र थांबले की पाणी, आणि पाणी झाले की खेळ संपला. आपल्या मैदानाला फक्त रोलर आणि थोडे पाणी लागते, तेही आपल्याने वेळेवर होत नाही.

त्याच वर्षी या रिंकवर जॉन्सटाउन जेट्स हा संघ उभा राहिला. अमेरिकेत सर्वांत वर नॅशनल हॉकी लीग. तिच्या खाली दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या लीगा असतात. जेट्स अशाच खालच्या पायरीवरचा संघ. बेताचे वेतन, रात्रभराचा बसप्रवास, आणि वरून कधीतरी बोलावणे येईल ही आशा. परंतु गावाला तो आपला वाटे. पोलाद गिरणीतली पाळी संपवून माणसे संध्याकाळी थेट सामन्याला येत. जेट्सने १९६०, १९६१ आणि १९६२ असे सलग तीन वर्षे आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळवले, आणि पुढे १९७५ सालीही चषक जिंकला.

याच सुमारास या संघात नेड डाउड नावाचा खेळाडू होता. त्याची बहीण नॅन्सी लेखिका. संघ बंद पडणार किंवा विकला जाणार अशी कुणकुण भावाकडून तिच्या कानी गेली. तिने भावाकडे ध्वनिमुद्रक दिला आणि त्याने बसमधली, कपडे बदलण्याच्या खोलीतली बोलणी टिपून आणली. त्यातून ‘स्लॅप शॉट’ हा चित्रपट तयार झाला. पॉल न्यूमन त्यात प्रशिक्षकाच्या भूमिकेत आहे. बरेचसे चित्रीकरण जॉन्सटाउनमध्येच झाले आणि जेट्सचे काही खेळाडू त्यात पडद्यावर आले. त्यांतला ब्रूस बुड्रो तर पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये नावाजलेला प्रशिक्षक झाला. चित्रपटातले गाव आणि संघ यांची नावे बदलली होती. संघाचे नाव होते चीफ्स.

पालकांना येथेच सांगून ठेवतो, हा चित्रपट मुलांना दाखवण्यासारखा नाही. शिव्या आणि मारामारी भरपूर आहे. परंतु त्याची कथा मोठ्यांनी विचार करावा अशी आहे. गावची गिरणी बंद व्हायची आहे आणि गिरणीबरोबर संघही बुडणार आहे. प्रशिक्षक खोटीच आवई उठवतो की फ्लॉरिडातले कोणी संघ विकत घेणार आहे. त्या आशेवर खेळाडू खेळतात, मारामाऱ्या करतात, प्रेक्षक परत येऊ लागतात. शेवटी तो मालकिणीला भेटतो. ती सांगते, संघ विकता येईल, पण बंद केला तर करात जास्त सूट मिळेल. तिने स्वतः एकही सामना पाहिलेला नसतो आणि मुलांनी हॉकी बघू नये असे तिचे मत असते. तिच्या वहीत तो एक आकडा आहे, एवढेच.

चित्रपट फेब्रुवारी १९७७ मध्ये झळकला. त्याच वर्षी जेट्सची लीग मोडली. आणि जुलैच्या १९ व २० तारखांना, जे गाव स्वतःला पूरमुक्त म्हणवत होते, तिथे पुन्हा पूर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. क्रीडागृहातली बर्फाची यंत्रे खराब झाली. जेट्स संपले. पोलादाचा धंदा आधीच डळमळला होता, त्याला पुराने आणखी धक्का दिला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सबंध अमेरिकेत सर्वाधिक बेरोजगारी असलेल्या गावांत जॉन्सटाउनची गणना होऊ लागली. १९९२ साली बेथलेहेम स्टीलने तिथले काम कायमचे बंद केले. बिरलानगरच्या मिलचा भोंगा ज्यांच्या कानांत अजून आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. १९५० साली जॉन्सटाउनची लोकसंख्या ६३,२३२ होती. २०१० साली ती २०,९७८ उरली आणि २०२० साली १८,४११.

परंतु क्रीडागृह उभे होते. ते सार्वजनिक मालकीचे होते, कोणा एका शेठजीचे नव्हते. यंत्रे दुरुस्त झाली. १९७८ ते १९८० दोन हंगाम वेगळ्या नावांचे संघ येऊन गेले. मग आठ वर्षे व्यावसायिक संघ नव्हता. आणि जानेवारी १९८८ मध्ये पुन्हा संघ आला. त्याचे नाव ठेवले गेले जॉन्सटाउन चीफ्स. ज्या चित्रपटात गावाचा संघ मरतो, त्याच चित्रपटातले नाव गावाने आपल्या नव्या संघाला दिले. सुरुवातीचा एक प्रशिक्षकही कोण, तर स्टीव्ह कार्लसन, जेट्सचा जुना खेळाडू आणि त्या चित्रपटातल्या तीन चष्मेवाल्या भावांपैकी एक!

त्याच वर्षी पाच संघांनी मिळून ईस्ट कोस्ट हॉकी लीग स्थापन केली. चीफ्स त्या पाचांतला एक. पहिल्याच हंगामात, १९८९ साली, ते अंतिम फेरीत पोहोचले. सात सामन्यांच्या त्या लढतीत कॅरोलायना थंडरबर्ड्सकडून ४-३ असे हरले. त्यानंतरच्या सर्व वर्षांत अजिंक्यपद त्यांच्या हाती कधी आलेच नाही.

लीग मात्र वाढत गेली. २००३-०४ च्या हंगामात तिच्यात ३१ संघ होते. मोठ्या शहरांचे संघ आले, मोठी क्रीडागृहे आली, प्रवास लांबला, खर्च वाढला. वीस-बावीस हजार वस्तीच्या गावाने, ज्यात तरुण थोडे आणि पेन्शनर जास्त, किती तिकिटे घ्यायची? मूळच्या पाचांपैकी एकेक संघ गाव किंवा नाव बदलत गेला. शेवटी आपल्याच गावात, आपल्याच नावाने खेळणारा एकटा चीफ्स उरला. २००९-१० च्या हंगामात मालकांनी जाहीर केले की संघ दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला जाणार. तिथे त्याचे नाव बदलले. बावीस हंगामांनंतर जॉन्सटाउन चीफ्स संपले.

येथपर्यंत वाचून आम्हांला वाटले की ही नेहमीची गोष्ट आहे. गिरणी गेली, माणसे गेली, संघ गेला. परंतु खरे शिकण्यासारखे पुढे आहे. गावाने क्रीडागृहाला कुलूप लावले नाही. बर्फ करणे चालू ठेवले. पुढची दोन वर्षे शेजारच्या राज्यातल्या व्हीलिंगच्या संघाने आपले काही सामने तिथे खेळले. २०१२ साली टॉमहॉक्स हा कुमारांचा संघ तिथे आला. अशा संघांत सोळा ते वीस वर्षांची मुले असतात, पगार नसतो, आणि गावातली कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. आपल्याकडे वार लावून शिकणारी मुले जशी पूर्वी घरोघरी जेवत, तशातलाच हा प्रकार. २०१५ साली ‘हॉकीविल’ नावाची देशव्यापी स्पर्धा अमेरिकेत प्रथमच झाली. ज्या गावाच्या रिंकला लोकांची सर्वाधिक मते, त्याला दीड लाख डॉलर आणि वरच्या लीगमधल्या दोन संघांचा सामना. ती स्पर्धा जॉन्सटाउनने जिंकली. त्या सप्टेंबरमध्ये पिट्सबर्ग आणि टँपा बे हे संघ त्या जुन्या वॉर मेमोरियलमध्ये येऊन खेळले.

आमचे मत यातून असे बनले आहे की संघ येतात आणि जातात, त्याचे दुःख असले तरी ते सोसता येते. जागा गेली तर मात्र परत येण्यासारखे काही राहत नाही. जॉन्सटाउनमध्ये जेट्स गेले, चीफ्स गेले, तरी बर्फ राहिला म्हणून तिसऱ्यांदा खेळ सुरू झाला. तिथे १९७७ साली कोणी म्हटले असते की संघ नाही तर रिंक कशाला, फरशी टाकून गोदाम करू, तर हिशेबाने ते बरोबरच ठरले असते. चीफ्स मात्र जन्मालाच आले नसते.

आता आपल्या मैदानाकडे येतो. संस्थेच्या कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आहे, हे बहुतेक पालकांच्या कानावर आलेच आहे. शाळेचे मैदान पाच वर्षांच्या कराराने मॅरेज गार्डनसाठी द्यावे, असा तो प्रस्ताव आहे. हॉकीचा संघ तसाही पुरा होत नाही, या वर्षी मोठ्या गटात नऊच मुले आहेत, मग मैदान रिकामे ठेवून काय साधणार, असा मुद्दा मांडला गेला. आम्ही संस्थेचे सेवक आहोत. कार्यकारिणीतील ज्येष्ठ मंडळी शाळेसाठी झिजली आहेत, त्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पैशाची गरज खरी आहे. दोन वर्गखोल्यांचे छत गळते, विद्यार्थिसंख्या घटली आहे आणि शिक्षकांचे मानधन वेळेवर देताना किती ओढाताण होते ते आमच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. तरीही आम्ही या प्रस्तावाशी सहमत नाही. हे सभेत सांगितले आहे, तेच येथे लिहीत आहोत.

नऊ मुले का उरली, याचे पहिले उत्तर आम्हांलाच द्यावे लागेल. दहावीचा निकाल सुधारावा म्हणून आठवड्यातले खेळाचे दोन तास आम्हीच गणिताच्या जादा वर्गाला दिले. निकाल थोडा सुधारला. मुले मैदानावरून कायमची उठली. हा दोष आमचा आहे आणि पुढील सत्रापासून ते दोन्ही तास मैदानाला परत देत आहोत.

ग्वाल्हेरपुरतेही पाहावे. रूपसिंह स्टेडियम मुळात हॉकीसाठी होते, पुढे ते क्रिकेटचे झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तिथेच पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातले पहिले द्विशतक केले. जॉन्सटाउनचा संघ ज्या हंगामात गाव सोडून गेला, त्याच हंगामातली ही गोष्ट. त्या द्विशतकाचा आनंद आम्हांलाही झाला. परंतु पाटीवर हॉकीपटूचे नाव आणि आत हॉकी नाही, हेही आपण पाहिले. याच शहरात २००६ साली राज्याची महिला हॉकी अकादमी सुरू झाली. चांगले मैदान मिळाले, तशा मुली आल्या आणि भारतीय संघापर्यंत गेल्या. हॉकीची आवड इथून गेली होती असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

मैदानापासून एक रुपयाही मिळवू नये, असे आमचे म्हणणे नाही. जॉन्सटाउनच्या क्रीडागृहातही इतर कार्यक्रम होतातच. आमची सूचना अशी. पाच वर्षांचा करार करू नये. वर्षातले ठराविक दिवस, तेही उन्हाळी सुट्टीत, मैदान भाड्याने द्यावे. मांडवाचे खुंट कडेच्या पट्ट्यात ठोकावेत, मधल्या भागात खड्डा होऊ नये. भट्टी आणि खरकटे मैदानाबाहेर. मिळालेल्या रकमेतून आधी छत दुरुस्त व्हावे आणि एक ठराविक हिस्सा मैदानाच्या देखभालीला राहावा. मुले अकरा नसतील तर नऊ खेळतील, पाच-पाचचे सामने होतील, शेजारच्या शाळेतली मुले आणि आपल्या मुलीही खेळतील. संघ काही वर्षे नसला तरी आम्हांला चालेल. मैदान मात्र असायला हवे.

पालकांकडे एकच मागणे आहे, आणि ते वर्गणीचे नाही. चीफ्स संघ शेवटी गेला तो रिकाम्या खुर्च्यांमुळे. त्या गावाजवळ निदान एक सबब होती, तिथे माणसेच उरली नव्हती. आपली माणसे येथेच, लष्करात, दौलतगंजात, मुरारला आहेत, केवळ मैदानावर येत नाहीत. पुढील महिन्यापासून दर शनिवारी सायंकाळी चार वाजता मुले खेळणार आहेत. आजोबांनी यावे, आयांनी यावे, माजी विद्यार्थ्यांनी यावे, अर्धा तास बसावे. सतरंज्या आम्ही घालून ठेवू. संस्थेच्या सर्वसाधारण सभेची तारीख फलकावर लागेलच. तिथे हात वर करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एका शनिवारी मैदान पाहिलेले असावे, इतकीच विनंती. न पाहता घेतलेला निर्णय त्या चित्रपटातल्या मालकिणीसारखा होईल.